वाचक विचारतात : शर्करेचे पॉलिमर आणि साकळणारी प्रथिनं

गेल्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं, की अल्झायमरसारख्या आजारांत साकळून बसणारी अमिलॉइड प्रथिनं कृत्रिम पॉलिमर, म्हणजे लहान एककं जोडून केलेल्या लांब साखळ्या, वापरून, निदान परीक्षानळीत तरी, रोखता येतात. मात्र त्या पॉलिमरच्या साखळीला शर्करेचे रेणू टांगलेले हवेत. लेख छोटा होता, पत्रं मात्र भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पॉलिमर घडवणं हे माझं काम, आणि आपण घडवलेल्या पॉलिमरचं पुढे काय होतं हे बघण्याच्या नादात प्रथिनांशी ओळख झाली. औषधोपचाराबद्दलचं माझं बोलणं तेवढ्याच वजनाचं समजा.

साखरेनं मेंदू खराब होतो, मधुमेह असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं आम्ही वाचत आलो. आता तीच साखर प्रथिनं वाचवते म्हणता. आम्ही नेमकं काय धरायचं?
— एक निवृत्त शिक्षक

दोन्ही धरा. रक्तातलं ग्लुकोज हा मोकळा रेणू आहे. पेशी तो जाळून ऊर्जा मिळवतात, आणि रक्तात तो वर्षानुवर्षं जास्त राहिला की समोर येईल त्या प्रथिनाला चिकटत सुटतो. रक्तवाहिन्यांची वाट लागते ती त्यातूनही. पॉलिमरवरची शर्करा पक्क्या रासायनिक बंधानं साखळीला जोडलेली असते. मधे एक लांब कणा, बहुतेकदा ॲक्रिलामाइड किंवा मेथॅक्रिलेटच्या एककांचा, आणि त्याच्या बाजूंना ओळीनं शर्करा: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, ट्रेहॅलोज, एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन, जी हवी ती. या रेणूंना ग्लायकोपॉलिमर म्हणतात. त्यातली शर्करा पेशीला इंधन म्हणून मिळत नाही. ती तिथं असते ती पाण्याला आणि प्रथिनाला धरून ठेवायला. तेव्हा आहारातल्या साखरेबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलंय त्यात या संशोधनामुळे काडीचाही बदल होत नाही.

प्रथिन साकळतं म्हणजे नासतं का? आणि पॉलिमर नेमका कोणत्या पायरीवर आडवा येतो?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी

नासलेलं प्रथिन अस्ताव्यस्त असतं. अमिलॉइड त्याच्या अगदी उलट, नको इतकं शिस्तीचं.

अल्झायमरमधलं बीटा अमिलॉइड घ्या. पेशीच्या पडद्यात एक मोठं प्रथिन रोवलेलं असतं. बीटा आणि गॅमा सिक्रिटेज ही दोन विकरं ते कापतात आणि 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो. ही कापाकापी निरोगी माणसातही रोज चालते, त्यात विकृत काही नाही. 1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी हा तुकडा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून वेगळा काढला. 42 वाल्याच्या टोकाला जी दोन जास्तीची अमिनो आम्लं आहेत ती पाण्यापासून फटकून वागणारी, म्हणून तो जास्त लवकर साकळतो.

असे तुकडे एकावर एक रचले जातात. दोन शेजाऱ्यांमधलं अंतर सुमारे 0.47 नॅनोमीटर, आणि प्रत्येक तुकड्याची पट्टी तंतूच्या लांबीला आडवी. तंतूची रुंदी दहाएक नॅनोमीटर, लांबीला मात्र धरबंध नाही. गंमत अशी, की ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशी प्रथिनं, म्हणजे इन्सुलिन, लायसोझाइम, ट्रान्सथायरेटिन, स्वादुपिंडातलं अमिलिन, साकळली की याच घडणीत येतात. माणसात अशी चाळीसच्या आसपास प्रथिनं माहीत आहेत.

वेळेच्या अंगानं पाहिलं तर आधी बराच काळ काहीच घडत नाही. मग एकाएकी तंतू वाढू लागतात आणि शेवटी सुटी प्रथिनं संपली की सगळं थांबतं. सुरुवातीच्या शांततेत पहिली बीजं कशीबशी जमत असतात. खरी गोम पुढे आहे. केंब्रिज आणि लुंड इथल्या गटांनी 2013 मध्ये दाखवलं, की 42 वाल्या बीटा अमिलॉइडच्या बाबतीत एकदा थोडे तंतू झाले की नवी बीजं मुख्यतः त्या जुन्या तंतूंच्या अंगावरच धरतात. म्हणजे तंतू स्वतः लांब होतो आणि वर नव्यांना जन्मही देत राहतो.

पॉलिमर यातल्या कुठल्याही ठिकाणी हात घालू शकतो. सुट्या प्रथिनांना आपल्या साखळीवर दूरदूर बसवून ती एकत्र येऊ द्यायची नाहीत. तंतूचं अंग झाकून नवी बीजं धरू द्यायची नाहीत. वाढतं टोक अडवायचं. किंवा प्रथिनाची मूळची घडीच इतकी घट्ट करायची की ती उलगडू नये. कोणता पॉलिमर काय करतो हे त्याच्या घडणीवर, विद्युतभारावर आणि प्रमाणावर ठरतं.

आता एक धोक्याची सूचना, जी बातम्यांत हमखास गाळलेली असते. पेशींना सर्वात जास्त त्रास लांब तंतूंपेक्षा मधल्या टप्प्यावरच्या लहान पुंजक्यांचा होतो, असं मानायला भरपूर आधार आहे. त्यांना ऑलिगोमर म्हणतात. एखाद्या पॉलिमरनं तंतू होऊ दिले नाहीत पण प्रथिनं या पुंजक्यांपाशीच अडकवून ठेवली, तर ते आगीतून फुफाट्यात पडणं झालं. म्हणून 'साकळणं थांबवलं' असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, कोणत्या पायरीवर?

एवढा उपद्व्याप कशाला? तीच शर्करा पाण्यात विरघळवून प्रथिनाला घातली तर काम होत नाही का?
— एक वाचक

होतं, पण फारच थोडं. शर्करेचा एक रेणू प्रथिनाला अगदी सैल धरतो आणि क्षणात सुटतो. गवतातून चालताना कपड्याला एखादं कुसळ लागलं तर चिमटीत धरून काढता येतं. पण शंभर कुसळं एकाच वेळी अडकली की कपडा झटकून काही उपयोग नसतो. एका कण्यावर शेकडो शर्करा टांगल्या की एक सुटली तरी बाकीच्या धरून असतात, आणि सुटलेलीही तिथंच घुटमळत असल्यामुळे लगेच पुन्हा धरते. शर्करा बदललेली नाही, तिची दाटी बदलली.

ट्रेहॅलोजचं उदाहरण यासाठी सर्वात चांगलं. ग्लुकोजचे दोन रेणू जोडून झालेली ही शर्करा कीटकांत, यीस्टमध्ये, अळंब्यांमध्ये असते, आणि पाणी आटलं किंवा उष्णता वाढली तरी प्रथिनांची घडी सांभाळते. 2004 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांना पिण्याच्या पाण्यातून ट्रेहॅलोज दिलं, तेव्हा मेंदूतल्या गाठी कमी झाल्या, हालचाल सुधारली, आयुष्यही वाढलं. पण मात्रा बघा: पाण्यात दोन टक्के. पुढे जपानमध्येच योशिको मिउरा यांच्या गटानं ट्रेहॅलोज पॉलिमरला टांगून बीटा अमिलॉइडवर तपासलं. आपल्याकडे कोलकात्याची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांनी मिळून 2017 मध्ये ट्रेहॅलोजच्या पॉलिमरचे नॅनोकण वापरले. सुट्या ट्रेहॅलोजच्या तुलनेत त्यांचा परिणाम 1000 ते 10000 पट असल्याचं त्यांनी नोंदवलं, आणि हंटिंग्टनच्या उंदरांच्या मेंदूतही गाठी कमी झालेल्या दाखवल्या.

हे वाचून कुणी ट्रेहॅलोजची पावडर शोधू लागेल म्हणून सांगते: माणसाच्या आतड्यात ट्रेहॅलेज नावाचं विकर असतं. ते या शर्करेचे दोन तुकडे करतं आणि तुमच्या रक्तात जातं ते साधं ग्लुकोज.

तुमच्या लेखात एक विसंगती वाटली. शरीरातलं हेपरान सल्फेट हीसुद्धा शर्करेची लांब साखळीच, आणि ती अमिलॉइड साकळायला मदत करते असं वाचलं आहे. मग तिची नक्कल करून उलटा परिणाम कसा मिळेल?
— जीवरसायनशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका

बाई, सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वात आवडला, कारण अख्खा विषय इथंच अडकलेला आहे.

शर्करा आणि अमिलॉइड यांचं नातं फार जुनं. 1854 मध्ये रुडॉल्फ फिर्शो यांनी शरीरातले अमिलॉइडचे साठे आयोडीननं रंगवले आणि स्टार्चसारखा रंग आल्यामुळे ते शर्करेच्या जातीचे असावेत असं ठरवलं. पाचच वर्षांत फ्रीडराइश आणि केकुले यांनी नायट्रोजन मोजून दाखवलं की माल मुख्यतः प्रथिनाचा आहे. झालं, शर्करा बाजूला पडली. तिला परत यायला सव्वाशे वर्षं लागली: 1988 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतल्या साठ्यांत हेपरान सल्फेट सापडलं. आज माहीत आहे की अशा सल्फेटयुक्त शर्करासाखळ्या बहुतेक सगळ्या प्रकारच्या अमिलॉइड साठ्यांसोबत असतात आणि परीक्षानळीत त्या साकळण्याचा वेग वाढवतात.

कशामुळे, तेही बऱ्यापैकी उलगडलंय. हेपरान सल्फेटवर ऋणभार खच्चून भरलेला असतो. बीटा अमिलॉइडमध्ये 13 ते 16 या जागांवर हिस्टिडीन, हिस्टिडीन, ग्लुटामिन, लायसिन अशी चौकडी आहे. तिच्यावरचा धनभार या साखळीला जाऊन भिडतो. आणि तिला खेटूनच, 16 ते 20, प्रथिनाचा तो भाग आहे जो साकळण्यात पुढाकार घेतो. लांब, ताठ, भारित साखळीवर अशी प्रथिनं शेजारीशेजारी येऊन बसली की रचना सुरू व्हायला आयती जागा मिळाली.

आता हीच साखळी आखूड करा, किंवा तिच्यावरच्या शर्करा विरळ करा, किंवा कणा लवचीक घ्या. प्रथिन अजूनही तिथंच चिकटतं, पण शेजारी मिळत नाही, किंवा मिळाला तरी योग्य कोनात बसत नाही. चिकटण्याची जागा अडली आणि रचना मात्र झाली नाही. मिउरा यांच्या गटानं 2007 मध्ये सल्फेट लावलेल्या एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइनचे पॉलिमर घेऊन बीटा अमिलॉइडचं साकळणं रोखल्याचं दाखवलं, तेव्हा कण्यावर शर्करा किती प्रमाणात लावायची हेही त्यांनी बदलून पाहिलं होतं. दाट म्हणजे चांगलं, असं सरळ गणित इथं चालत नाही. मागच्या उत्तरात मी दाटीचं कौतुक केलं. ट्रेहॅलोजवर भार नसतो म्हणून ते तिथं खपतं. सल्फेट आलं की हिशेब वेगळा.

शिवाय प्रमाणाचाही खेळ आहे. पॉलिमर थोडा आणि प्रथिन भरपूर असेल तर एका साखळीवर पुष्कळ प्रथिनांची गर्दी होते आणि साकळणं वाढतं. पॉलिमर भरपूर असेल तर तीच प्रथिनं वेगवेगळ्या साखळ्यांवर विखुरतात आणि साकळणं मंदावतं. एकच पॉलिमर, एकच प्रथिन, आणि दोन प्रयोगशाळा परस्परविरुद्ध निष्कर्ष काढून दोन्ही खऱ्या असू शकतात. म्हणून एकाच प्रमाणावर केलेला प्रयोग मी मोजतच नाही.

याच कल्पनेची एक आवृत्ती माणसांपर्यंत पोचली होती. 1995 मध्ये किसिलेव्हस्की आणि सहकाऱ्यांनी लहान सल्फोनेट रेणू उंदरांना देऊन एका प्रकारच्या अमिलॉइडची वाढ थोपवली. विचार असा, की हेपरान सल्फेटच्या जागी हे लहान रेणू प्रथिनाला चिकटावेत. त्यातूनच पुढे आलेलं ट्रामिप्रोसेट अल्झायमरवर तपासलं गेलं, पण 2007 मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत अपेक्षित फरक दिसला नाही. माझ्या मते त्यातून कल्पना चुकीची ठरत नाही. एकेकटा लहान रेणू इतका सैल धरतो की माणसाच्या मेंदूत तो पुरा पडणं अवघडच होतं. पण हे माझं मत आहे, आणि मी पॉलिमरवाली असल्यानं ते पॉलिमरच्या बाजूनं झुकणारच.

'रोखलं' असं तुम्ही म्हणता ते डोळ्यांना दिसतं का? प्रयोग कसा असतो ते जरा सांगा.
— फार्मसीची विद्यार्थिनी

सांगते, आणि जरा सविस्तर, कारण तू उद्या हे करशील.

पॉलिमरपासून सुरू. शर्करेवर हायड्रॉक्सिलचे गट पुष्कळ, ते मधे लुडबुड करू नयेत म्हणून बहुधा आधी त्यांच्यावर ॲसिटाइलची झाकणं घालतात, मग पॉलिमर करतात आणि शेवटी सोडियम मेथॉक्साइडनं झाकणं काढतात. साखळ्या एकसारख्या लांबीच्या याव्यात म्हणून राफ्ट नावाची पद्धत वापरतात. ती 1998 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेनं जगापुढे आणली. तिच्यात गंधक असलेला एक नियंत्रक रेणू लागतो आणि त्याच्या एका नेहमीच्या जातीमुळे सगळं मिश्रण छान गुलाबी दिसतं. मला तो रंग आवडतो, पण तो प्रत्येक साखळीच्या शेपटीला चिकटून राहतो. प्रकाश शोषतो, आणि तो गंधकाचा गट प्रथिनाशी स्वतःच काही भानगड करू शकतो. तेव्हा तो आधी तोडायचा. मग द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरून पाण्यात सोडायचं, पाणी बदलत राहायचं, म्हणजे लहानसहान रेणू निघून जातात. शेवटी गोठवून वाळवलं की पांढरी, भुसभुशीत पावडर मिळते, इतकी हलकी की स्थिरविजेनं चमच्याला चिकटून बसते आणि तराजूवर पोचेपर्यंत अर्धी हवेत.

आता प्रथिन. विकत आलेल्या बीटा अमिलॉइडच्या पावडरीत आधीच बारीक बीजं असतात, आणि थोडी जरी राहिली तरी सुरुवातीची शांतता गायब होते. म्हणून ते तीव्र अल्कलीत किंवा हेक्साफ्लुओरो आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून, आकारानुसार वेगळं करणाऱ्या स्तंभातून काढून, फक्त सुट्या रेणूंचा भाग घ्यायचा, बर्फावर ठेवायचा आणि लगेच वापरायचा. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रथिन, वेगवेगळ्या प्रमाणात पॉलिमर आणि थायोफ्लेविन-टी हा रंग. हा रंग तंतूच्या खाचांत बसला की चमकतो: 440 नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा, 480 च्या आसपास मोजायचा. 37 अंशांवर यंत्र दर काही मिनिटांनी एक बिंदू टिपत जातं आणि पडद्यावर आलेख सरकतो.

पिपेट शेवटपर्यंत दाबू नकोस. शेवटच्या थेंबासोबत बुडबुडा येतो, आणि बीटा अमिलॉइडला हवा आणि पाण्याची सीमा भारी प्रिय. तिथं ते गोळा होतं आणि बुडबुड्याचा खळगा बाकीच्यांच्या कितीतरी आधी चमकू लागतो. प्लेट यंत्रात घालण्यापूर्वी खालून दिव्यावर धरून एकेक खळगा बघ.

आणि आलेख सपाट आला म्हणून नाचू नकोस. थायोफ्लेविन-टी धनभारित आहे, सल्फेटवाला पॉलिमर ऋणभारित. रंगच पॉलिमरला जाऊन चिकटला तर तंतू असूनही चमक कमी दिसेल. म्हणून शेवटी प्रत्येक खळग्यातला थेंब जाळीवर घेऊन, युरेनिल ॲसिटेटनं रंगवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच. तुझ्या 'डोळ्यांना दिसतं का' याचं उत्तर तिथं आहे. तंतू असतील तर लांब, फाटे न फुटलेल्या रेघा दिसतात. नसतील तर काय दिसतं तेही लिहून ठेव, 'काही नाही' आणि 'गोल पुंजके' यांत फार फरक आहे.

तुलनेसाठी तीन द्रावणं हवीतच: शर्करा नसलेला तोच कणा, कणा नसलेली तीच शर्करा, आणि सल्फेट असेल तर शर्करेविना नुसता सल्फोनेट पॉलिमर. ही तीन नसतील तर परिणाम शर्करेचा, कण्याचा की नुसत्या भाराचा, हे सांगताच येत नाही. असा शोधनिबंध मी आकृत्या बघून बाजूला ठेवते.

पॉलिमर म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना? ते मेंदूत घालायचं?
— एक चिंतित आजोबा

आजोबा, डीएनएही पॉलिमरच. पण शंका रास्त आहे. ॲक्रिलामाइड किंवा मेथॅक्रिलेटचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो आणि शरीराला तो तोडता येत नाही. साखळी पुरेशी आखूड असेल तर मूत्रपिंड ती गाळून टाकतं. मोठी असेल तर साचत राहते. म्हणून आता तुटणारे कणे, अमिनो आम्लांचे किंवा एस्टर बंधांचे, वापरण्याकडे ओढा आहे. कृत्रिम पॉलिमर औषध म्हणून द्यायचा हे नवं नाही: मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं ग्लॅटिरामर ॲसिटेट हे चार अमिनो आम्लांचं बेशिस्त क्रमाचं पॉलिमर आहे आणि अमेरिकेत ते 1996 पासून मंजूर आहे. शर्करा लावलेला कृत्रिम पॉलिमरही माणसांना देऊन झालाय. गॅलॅक्टोसामाइन लावलेल्या एका पॉलिमरवर कर्करोगाचं औषध बांधून यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत चाचणी झाली आणि 2002 मध्ये निष्कर्ष आले.

तिथं गॅलॅक्टोसामाइन मुद्दाम निवडलं होतं, कारण यकृताच्या पेशी ते ओळखून ओढून घेतात. आमच्या कामात हीच अडचण होते. गॅलॅक्टोजचा पॉलिमर प्लेटमध्ये कितीही छान चालला तरी शिरेतून दिला की यकृताची वाट धरणार. मॅनोज घेतलं तर भक्षक पेशी गिळणार.

माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. ते मला आता 'दादा' म्हणतात. हे औषध कधी मिळेल? चाचणीत नाव घालता येईल का?
— एक मुलगा

तुम्हाला गोल गोल उत्तर देत नाही. असं कोणतंही औषध आज बाजारात नाही आणि जवळच्या काळात येईल असंही मला वाटत नाही. शर्करेचा पॉलिमर असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

अडतं कुठं, तेही सांगते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट असतं की मोठे रेणू जवळजवळ पलीकडे जातच नाहीत. यावर एक आशादायक काम जपानमध्ये काताओका यांच्या गटानं 2017 मध्ये प्रसिद्ध केलं. मेंदूला ग्लुकोज पुरवणारा ग्लुट-1 नावाचा वाहक त्या अस्तरात असतो. त्यांनी ग्लुकोज लावलेले पॉलिमरचे कण उपाशी उंदरांना दिले आणि मग रक्तातली साखर वाढवली. वाहकांच्या हालचालीसोबत कण आत शिरले. पण ते उंदीर होते, आणि कण आत पोचवणं एवढाच त्या कामाचा हेतू होता. दुसरं असं, की आमच्या प्लेटमध्ये प्रथिनाचं प्रमाण मेंदूभोवतीच्या द्रवातल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं, नाहीतर प्रयोग संपायचाच नाही. त्या गर्दीत जे चालतं ते विरळ वस्तीत तसंच चालेल असं नाही. आणि तिसरं: लक्षणं दिसतात तेव्हा साकळणं सुरू होऊन कैक वर्षं झालेली असतात.

अमिलॉइडवर थेट काम करणारी जी औषधं आज आहेत ती प्रतिपिंडं आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै 2023 मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्यानं आजाराची घसरण 27 टक्क्यांनी कमी केली, थांबवली नाही. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं वारंवार एमआरआय करावा लागतो. तुमच्या वडिलांच्या टप्प्याला ते लागू आहे का, हे त्यांना तपासणारे मेंदूविकारतज्ज्ञच सांगू शकतील. त्यांना हाच प्रश्न नाव घेऊन विचारा. आणि वडील 'दादा' म्हणतात तेव्हा दुरुस्त करत बसू नका, एवढं डॉक्टर नसूनही सांगते.

इन्सुलिनही साकळतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. मी रोज घेतो. काळजी करायची का?
— एक वाचक

काळजी नको, लक्ष असू द्या. उष्णता, सततची हेंदकळ आणि प्लास्टिकसारखा पाण्याला न जुमानणारा पृष्ठभाग, या तिन्हींनी इन्सुलिनची घडी उलगडते आणि तंतू होऊ लागतात. आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम आम्लात 60 अंशांना तापवून हे काही तासांत घडवतो, म्हणून नव्या पॉलिमरची पहिली परीक्षा बरेचदा इन्सुलिनवरच होते. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचत राहिल्यास त्वचेखाली इन्सुलिनच्याच अमिलॉइडची गाठ होऊ शकते आणि तिथं टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. टोचण्याची जागा बदलत राहा असं सांगतात त्यामागचं हे एक कारण.

मला विचाराल तर शर्करेच्या पॉलिमरचा पहिला खरा उपयोग मेंदूत होण्याच्या कितीतरी आधी बाटलीत होईल. तिथं ना मेंदूचं अस्तर ओलांडायचं, ना यकृताला चुकवायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या हेदर मेनार्ड यांच्या गटानं 2012 मध्ये ट्रेहॅलोज टांगलेले पॉलिमर लायसोझाइमला जोडून ते उष्णतेत टिकवून दाखवलं, आणि नंतर इन्सुलिनवरही तेच केलं.

तोवर घरचा नियम साधा. पारदर्शक असायला हवं ते इन्सुलिन धूसर झालं, त्यात कण किंवा धागे दिसले, किंवा ते कधी गोठलं असेल, तर टाकून द्या. एनपीएच प्रकारचं इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं. ते जोरात हलवू नका, तळहातांत हळूच फिरवा. फिरवूनही बाटलीच्या काचेला गुठळ्या चिकटून राहिल्या तर तीही बाटली बाद.